पाटावर ठेवलेले बूट

७ सप्टेंबर, रवि.
वरच्या खोलीत नवा भाडेकरू. फुटबॉल खेळतो. पार पॅराग्वेहून आलाय! आमच्या कंपनीच्या मालकांना फुटबॉलचं खूळ आहे. त्यांनी क्लब काढलाय, कंपनीमागच्या मैदानावर सराव चालतो. याला महिनाभर बघणार, शेवटी एक मॅच, मग ठरवणार. ठेवला तर पिंपरीला क्लबच्या फ्लॅटमध्ये राहायचं, नाही तर परत मायदेशी. नाव रामिरो. जिना चढून होईपर्यंत आईने त्याचा रामभाऊ करून टाकला. पस्तिशीचा असेल. पुढे खेळतो म्हणजे गोल मारणं हे त्याचं काम, असं मला समजावलं. मी आपली मान हलवली.
बूट बाहेर काढा म्हटलं तर पायातले काढले. हातात खेळायचे होते, ते छातीशी धरून वर.

११ सप्टें., गुरु.
फर्स्ट शिफ्ट. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले तर हा टाकीला टेकून बसलेला. दोन वर्षं गोव्यात खेळलाय, त्यामुळे मोडकी हिंदी येते. अडलं की मोबाइल भाषांतर करून देतो.
“शैला, तुम क्या काम?”
म्हटलं, मोजते. पार्ट येतो, मायक्रोमीटर लावते, मापात असला तर पास, नसला तर रिजेक्ट.
खूप वेळ हसला. मग म्हणाला, माझंही सध्या तेच चाललंय.

१४ सप्टें., रवि.
आज त्याच्या गोलांच्या गोष्टी. हा स्कोअर सांगत नाही, साल सांगत नाही. हवा कशी होती ते सांगतो. बोलिव्हियातला एक गोल इतक्या उंचावरचा, की मारल्यावर ओरडायलाही दम उरला नाही. गवतावर पडून आभाळ बघत राहिला, भरदुपारी काळपट निळं. इक्वेडोरमध्ये मैदानाच्या चारी बाजूंनी केळीच्या बागा. तिथे बॉल बागेत गेला की सगळ्यांनी मिळून शोधायचा. नंतर इंडोनेशिया, नंतर गोवा. आणि सगळ्यात पहिला गोल गावात, नदीकाठी. दोन वल्ही रोवली की झाला गोलपोस्ट. आई पलीकडून जेवायला हाक मारायची आणि ती हाक पाण्यावरून यायची.
मी शिर्डी आणि गोवा एवढंच बघितलंय. पण ऐकताना हायवेवरचे कंटेनर ऐकूच आले नाहीत.

१६ सप्टें., मंगळ.
कंपनीच्या बसमध्ये डोळा लागला. नदी दिसली, रुंद, तांबूस, अजिबात आवाज न करणारी. जागी झाले तर तळेगाव चौकात ट्रॅफिक. माझी नसलेली नदी मला कशी काय दिसते?

१९ सप्टें., शुक्र.
गुडघा सुजलाय. तो बोलला नाही, आईने पावलांच्या आवाजावरून ओळखलं. मिठाच्या पाण्याची बादली वर नेऊन दिली. “पाय बुडव आन् गप बस,” मराठीतच. त्याला बरोब्बर कळलं.
मला म्हणाला, क्लबमध्ये सांगू नको. कोचला तरुण मुलं हवीत. आणि हे शेवटचं दार आहे. इथे नाही म्हणाले तर मग कुठेच नाही, खेळणं संपलं. मी विचारलं, मग काय करणार? तो म्हणाला, माहीत नाही, मी लहानपणापासून दुसरं काही केलेलंच नाही. अगदी साधेपणाने म्हणाला.

२२ सप्टें., सोम. घटस्थापना.
घट बसवले. रामभाऊ दारातून वाकून बघत होता. मातीत नुसते गहू टाकलेत, उगवतील, असं सांगितलं. आता रोज सकाळी सरावाला जाताना डोकावून जातो, किती वर आलेत बघायला.

२८ सप्टें., रवि.
मॅच ठरली, शुक्रवारी ३ तारखेला. दसरा होऊन जाईल, बरं.
घरात मात्र वादावादी. खंडेनवमीला आपल्या पाटावर सगळ्यांची हत्यारं मांडतात. विळा, खुरपं, माझं मायक्रोमीटर, खालच्या भाडेकरूंचे पाने नि स्क्रूड्रायव्हर. आईचा नियम, छपराखालचा कुणी सुटता कामा नये. आता विचारते, “रामभाऊचं हत्यार काय?”
मी म्हटलं, बूट.
“पायताण? देवापुढं? डोकं फिरलं का तुजं?”
म्हटलं, मग त्याचं राहू दे.
“राहू कसं द्यायचं? घरातच ऱ्हातो न्हवं त्यो.”
रात्री जेवेपर्यंत धुसफुसत होती. जिने आयुष्यात चप्पल उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही, ती आता बूट धुवायला कुठला साबण चांगला ते विचारतेय.

१ ऑक्टोबर, बुध. खंडेनवमी.
आजच लिहायला हवं.
सकाळी पूजा झाली. बूट आईने स्वतः नळाखाली घासले, लाल कापडावर विळ्याशेजारी ठेवले. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं एकेक फूल. रामभाऊने हात जोडले. मग मी कंपनीत. मशिनांना हार, पेढे, अर्ध्या दिवसाने सुट्टी.
दुपारी घरी येते तर हा जिन्यावरून धावत खाली. मालक उद्या परदेशी निघालेत, मॅच आजच, चार वाजता. बूट घ्यायला वाकला.
आई आडवी. “आज न्हाई उचलायचं. पुजलेलं हत्यार उद्या दसऱ्यालाच उचलत्यात.”
मी मोबाइलवर त्याला सांगितलं. वाटलं, चिडेल. चिडायलाच हवं होतं. त्याने वाचलं, पाटाकडे बघितलं, आईकडे बघितलं. हात जोडले आणि गेला. कुणाचे तरी मागून घेतो म्हणाला.
मी आईला वाट्टेल ते बोलले. त्याचं आयुष्य पणाला लागलंय आणि तुझं काय चाललंय. तिने चहा टाकला. तो उतू गेला तरी बघितलं नाही. मग उठली, पाटासमोर बसली. “जगदंबे, लेकराची भाकर हाय ती. राग धरायचा तर माज्यावर धर, त्याच्यावर नको.” बूट तिनेच उचलले. “शैले, गाडी काढ.”
स्कूटीवर मागे आई, मांडीवर लाल कापडात बूट. मैदानाच्या गेटवर वॉचमन अडवायला लागला तर म्हणाली, “आमचंच वावर हुतं हे, सरक.”
मध्यंतर होतं. उसन्या बुटांनी त्याची टाच सोललेली. लेसला कुंकू लागलेलं, ते पुसलं नाही, तसेच घातले.
पुढचा खेळ मला स्वप्नासारखाच आठवतोय. बराच वेळ तो नुसता चालत होता, सगळे पळतायत आणि हा चालतोय. मग बॉल आला. याने अंग इकडे वळवलं, दोघंजण तिकडेच धावले, आणि हा भलतीकडेच मोकळा उभा. मारला. खांबाला लागून बाहेर! आई “आगं बया” करून खालीच बसली.
शेवटी पुन्हा तसाच मोकळा. मारता आला असता. पण डावीकडच्या पोराला दिला, त्या पोराने गोल केला. काय सुंदर दिला म्हणून सांगू! मालक तेव्हा फोनवर बोलत होते.
कोच म्हणाले, याच्या एजंटला कळवू.

२ ऑक्टो., गुरु. दसरा.
आपट्याची पानं दिली. मी केला तसा त्यानेही आईला वाकून नमस्कार केला. “औक्षवंत हो,” आई म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. स्वयंपाकघरात मला म्हणते, “माज्यामुळं गेलं तर गं त्याचं?”
गच्चीवर तो शांत. खांबाला लागलेला बॉल हा मी मारलेल्यांपैकी सगळ्यात चांगला, म्हणाला. मोजणाऱ्यांच्या हिशेबात तो नाहीच.

४ ऑक्टो., शनि.
काम करताना आज कळलं, मला काय हवंय तेच मला माहीत नाही. ठेवला तर पिंपरी. नाही ठेवला तर पॅराग्वे. वरची खोली दोन्हीकडून रिकामी. मग मी देवीकडे नक्की काय मागत होते?
मला तो आवडतो. टाकलं लिहून.
त्याला ठेवावं. त्यालाच ठेवावं. पिंपरीला बस जाते.

५ ऑक्टो., रवि.
दुपारी त्याच्या एजंटचा फोन आला. बोलणं त्यांच्या भाषेत. खूप वेळ कठड्याला टेकून, पाठ आमच्याकडे. मी वाळत घातलेली एकच चादर तीनदा झटकली. आवाजावरून काही कळेना. हसला की काय, की नुसता श्वास सोडला.
खाली आला, ओट्याजवळ पाटावर बसला. आईने चहा दिला. तिने विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मोबाइल मधेच पडलेला, कुणी हात लावला नाही.
कप ठेवताना म्हणाला, “आई, कल भाजी क्या?”
“तू सांग,” आई म्हणाली.
त्याने खूप विचार केला. “वांगी.”
आईने लगेच मला बाजारात पाठवलं. चांगली कोवळी बघून आणली. उद्यापर्यंत तरी तो इथे आहे.