रबरी हात

तीर्थरूप मामांना, पाठ वाकेल तेवढा नमस्कार. (कॉलेजातल्या खुर्चीची पाठ कधीच मोडली आहे, त्यामुळे माझी हल्ली भरपूर वाकते.)

पत्र मिळालं. पित्ताशयाचं ऑपरेशन सोमवारी आहे आणि त्यातच चष्मा फुटला, तरी दवाखान्यातून कुणाकडून तरी लिहवून घेऊन मला कळवलंत. टपोरं अक्षर आहे, वाचायला त्रास झाला नाही. पथ्याच्या बाबतीत मामींचं ऐका. मी बरा आहे, म्हणजे अजून नोकरीत आहे.

कॉलेज कसं चाललंय म्हणून विचारलंत. जोरात चाललंय, फक्त शिकवणं तेवढं बंद पडलंय. आम्ही रक्त काढणारे-तपासणारे टेक्निशियन घडवतो. शीर शोधून सुई टोचायच्या सरावासाठी आमच्याकडे एक रबरी हात आहे. एकच. तपासणी समिती येणार म्हणून संचालकांनी तो आणला आणि खराब होऊ नये म्हणून स्वतःच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात कुलपात ठेवला. माहितीपत्रकाचा फोटो आणि परीक्षा, एवढ्यापुरताच तो बाहेर येतो. एरवी मुलं टॉवेलाच्या गुंडाळीवर सुया टोचतात (टॉवेल ओरडत नाही, हा त्याचा मोठा गुण). त्या हाताला पहिल्या बॅचमधल्या कुणीतरी पाडलेलं एक छिद्र आहे. पुढच्या प्रत्येक बॅचने त्याच छिद्रात सुई घातली आणि पहिला वर्ग मिळवला. निकाल अठ्ठ्याण्णव टक्के. उरलेल्या दोन टक्क्यांना ते छिद्रही सापडलं नाही.

यावर आम्ही मास्तर मंडळींनी एकदा निषेधही केला. दंडाला काळ्या फिती बांधून फाटकाशी उभे राहिलो. संचालक गाडीतून उतरले आणि चेहरा पाडून म्हणाले, "अरेरे, कोण गेलं?" मामा, आम्ही अकरा जण होतो, सगळे पदव्यांनी लगडलेले, पण जो तो दुसऱ्याला पुढे ढकलू लागला. शेवटी रसायनवाल्या सरांनी हळूच स्वतःच्या सासऱ्यांना मारलं. संचालकांनी दोन मिनिटं शांतता पाळायला लावली आणि आम्हाला तासावर पिटाळलं. (सासरे ठणठणीत आहेत. कळल्यापासून जावयाशी बोलत नाहीत.)

राहिले ते दोन टक्के. संचालकांचा यंदापासूनचा नियम सोपा आहे: जो मास्तर नापास करील, त्याची पुढच्या वर्षी नेमणूक नाही. एका पोराला मी दोनदा नापास केलं. तिसऱ्या खेपेला त्याची सुई टेबलात घुसली, आणि मी 'उत्तीर्ण'खाली सही केली. तुम्ही मला, सख्ख्या भाच्याला, चौथीत नापास केलं होतंत. आईने वर्षभर अबोला धरला, तरी शेरा बदलला नाहीत. मला परक्याच्या पोराला नापास करणंही झेपलं नाही. फार लाज वाटते, मामा.

असो. मामींना नमस्कार सांगा.

चौथी दोनदा केलेला,
तुमचा भाचा

ता. क. : खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसलो. रक्त घ्यायला येणारा मुलगा फार गोड बोलतो आणि माझा विद्यार्थी म्हणून मिरवतो, असं तुम्ही लिहिलंय. कोण, कुठल्या बॅचचा, ठाऊक नाही. कुणीही असो. गोड बोलू दे, पण रक्त जुन्या सिस्टरांकडूनच काढून घ्या.

ता. क. २ : पाकीट चिकटवताना तुमचं पत्र पुन्हा पाहिलं. टपोरं अक्षर ओळखीचं वाटलं, कारण त्याच्या उत्तरपत्रिका मी तीनदा तपासल्यात. टेबलात सुई घुसवणारा तो हाच. (म्हणजे स्वतःची स्तुतीही त्यानेच लिहून काढली.) आणि चष्मा येईपर्यंत हे पत्रही तोच तुम्हाला वाचून दाखवणार. फाडून दुसरं गोड पत्र लिहावंसं वाटलं. पण शेरा न बदलण्याबद्दल वर एवढं लिहून बसलोय.

ता. क. ३ : बाळ, इथवर वाचलंस, आता पुढचंही मोठ्याने वाच. आधी दंडाला पट्टा बांध. बोटाने चाचपून बघ. शीर बोटाला लागल्याशिवाय सुई उचलू नकोस. नाही लागली, तर "मला सापडत नाही" असं म्हणून सिस्टरांना हाक मार. हे वाक्य मी तुला वर्गात शिकवायला हवं होतं. मामा, तो सिस्टरांना हाक मारेपर्यंत हात पांघरुणाखालीच ठेवा.