एकाच गावाचा नकाशा

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस, बाबांचे व आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही बरे आहोत असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण मी बरा नाही. परवा तुझा नवरा येऊन गेला. तू लेकीला, चिमणीला घेऊन घर सोडल्यापासून जावईबापू प्रथमच इतके गोड बोलले. तुझा हात मोडला त्या दिवशीही ते असेच शांत होते. जाताना म्हणाले, बाबा, दातांच्या डॉक्टरकडे बराच वेळ बसलात, दाढ काढली की काय? धाकटे, दाताचे मी कुणालाच सांगितले नव्हते. तुझ्या आईलासुद्धा नाही. ती म्हणते मी दुखण्याचा बाऊ करतो.

माझा फोन त्यांनीच आणलेला, आतले सगळे त्यांनीच भरून दिलेले. आता तो जवळ असला तर मला खोकायचीही भीती वाटते. काल साखरेच्या डब्यात लपवला, तर तुझी आई म्हणाली, मुंग्यांनाही फोन लागतात का आता? विहिरीत टाकू का? सातवी शिकून चष्म्याच्या काचा घासण्यात जन्म गेला, मला यातले काय कळणार!

मावशी कापडाच्या फेरीला तुझ्या गावी येते, तिच्या हाती हे देतो. लोभ आहेच. तो वाढव म्हणत नाही, स्वतःला जप म्हणतो.

तुझा बाबा

११ फेब्रुवारी

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

फोन विहिरीत टाकू नका. तो अचानक मुका झाला तर त्याला संशय येईल. पूर्वीसारखाच वापरा, फक्त त्याच्यावरून मला काही कळवू नका.

मावशीबरोबर दुसरा फोन पाठवते. माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण फोन दुरुस्त करते. तिने त्यातले कंपनीचे सगळे पुसून वेगळी प्रणाली घातली आहे. या प्रणालीला कुठले खाते उघडावे लागत नाही, ती तुमचा ठावठिकाणा कुणाला कळवत नाही. ॲप्सही मुक्त स्रोताची, म्हणजे आत काय लिहिले आहे ते कुणालाही उघडून वाचता येते. तुम्ही म्हणाल, मग चोरही वाचेल. वाचू दे. कुलूप कसे बनवतात ते कळले म्हणून तुमची किल्ली त्याच्या हाती येत नाही. उलट जाणकार वाचत राहतात म्हणून खोट लपत नाही.

त्यात नकाशा आहे, तो नेटशिवाय चालतो. हवा तेवढा भाग आधी उतरवून घ्यायचा. चिमणीला भेटायला याल तेव्हा जुना फोन चालू ठेवून घरीच सोडा.

आईला सांगा, भित्र्या नवऱ्याला सांभाळ. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची धाकटी

२६ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद. आधी दाराला कडी घाल, मग वाच.

नव्या फोनने सुरुवातीला विचारून विचारून जीव नकोसा केला. माइक वापरू का, कॅमेरा वापरू का. मी सगळ्याला नाही म्हणत गेलो. मग मावशीला लावला तर तिला काही ऐकू जाईना. मी ओरडतोय, तीही ओरडतेय. तुझी आई म्हणाली, खिडकी उघडा, एवढ्या आवाजाला फोन कशाला? पण मला तो आवडू लागला होता. विचारतो तरी.

नकाशा उतरवला तो फक्त तुझ्या गावाचा. आपल्या गावाचा कशाला, इथे मी डोळे मिटून फिरतो. येताना कुणाला पत्ता विचारायला लागू नये म्हणून रोज बसस्थानकापासून तुझ्या गल्लीपर्यंत बोट फिरवायचो.

आज सकाळी तेच करत होतो. दार उघडे होते. बोट तुझ्या गल्लीवर होते तेव्हा कळले, तुझा नवरा माझ्या पाठीमागे येऊन उभा आहे. म्हणाला, नवा फोन वाटते! आणि हातातून अलगद काढून घेतला. नकाशा इकडे तिकडे सरकवून पाहिला. सगळा मुलूख पुसट, नुसत्या रेघा, आणि तेवढे एकच गाव गल्लीबोळांसकट स्पष्ट. तो हसला. काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते. याची सेटिंग बिघडली आहे, नीट करून आणतो, असे म्हणून तो फोन खिशात घालून गेला. मी त्याला धरायला हवे होते.

जुन्या फोनवरून तुला लावायची हिंमत नाही. औषधवाल्याच्या फोनवरून लावले, पण अनोळखी नंबर तू उचलत नाहीस, ते तूच ठरवलेले. मावशीला हात जोडले, ती आत्ताच्या बसने निघते आहे. तिच्या आधी तो पोहोचू नये एवढेच मनात घोळते आहे. घर सोड. रागाव नंतर, आधी निघ.

बाबा

५ मार्च

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र वेळेत मिळाले. कपडे भरताना तो खिडकीतून दिसला. रस्त्याच्या टोकापासून दारांवरच्या पाट्या वाचत येत होता. त्याला घाई नव्हती. आम्ही मागच्या जिन्याने उतरलो. चिमणी अनवाणीच होती. ती रडली नाही. तिला न रडायची सवय झाली आहे, तेच मला सोसत नाही.

तुमच्यावर रागावले नाही. मला भेटायचा रस्ता शोधत होतात, त्यावर कोण रागावेल?

आता कुठे आहोत ते लिहीत नाही. मावशीलाही सांगितलेले नाही, आणि हे पत्र भलत्याच गावातून टाकते आहे. तो पुन्हा येईल, दाताची चौकशी करील, शेजारी बसून आमचे विचारील. बाबा, तुम्हाला कधी खोटे बोलता आले नाही. आता बोलावे लागणार नाही.

तुमची धाकटी