नदीच्या पिल्लांचा उपास

ती. आयलर्टमामा यांस,

तोरुनचा नमस्कार. स्पेनचं ऊन तुमच्या गुडघ्याला मानवत असेल, अशी आशा आहे. (आई म्हणते, तिथे तुम्ही दिवसभर सावली शोधता. इथे मासेही तेच करत होते.) निकाल आधीच सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल: मत्स्यबीज केंद्रातली सॅमनची पिल्लं वाचली. सगळी नाही, पण नदीत सोडायला पुरली. आपल्या नदीतल्या सॅमनचं बी फक्त त्यांच्यातच उरलं होतं, त्यामुळे याला मी विजय म्हणते. हा शब्द मी सहसा वापरत नाही.

यंदा डोंगरावरचा बर्फ लवकर संपला, पाऊस आलाच नाही आणि नदी आटून कोमट झाली. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि नेमका तेव्हाच पिल्लांना तो जास्त लागतो. टाकीत जिथून पाणी येतं, त्या तोंडाशी ती गर्दी करून भराभर कल्ले हलवत होती. काहींच्या परांवर पांढरी बुरशीही चढली होती. पचनालाही प्राणवायू खर्च होतो, म्हणून मी त्यांचं खाणं बंद केलं. गावात बातमी पसरली, की तोरुन पिल्लांना उपाशी मारते आहे. शेजारच्या ओडलॉगआजी उकडलेलं अंडं घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"बाळं उपाशीपोटी झोपत नाहीत गं."

"त्यांना झोप नकोय, आजी. श्वास हवाय."

"तुला पोरं झाली की कळेल."

(काय कळेल, ते मी विचारलं नाही. अंडं मी खाल्लं.)

मग आजींनी परस्पर दुग्नाद पुकारला. फुकट राबायचं म्हटलं की आपलं गाव कसं लोटतं, हे तुम्हाला सांगायला नको. लोकांनी होड्यांची शिडं आणून टाक्यांवर सावली केली. ते उत्तम झालं. पण वाफल नाहीत तर दुग्नाद कसला, म्हणून आजींनी वाफलचे सगळे साचे आणि कॉफीचं मोठं भांडं माझ्याच टाक्यांशेजारच्या प्लगांत लावलं. फ्यूज उडाला, हवेचा पंप बंद पडला आणि पिल्लं तोंडं वर काढून पृष्ठभागावर आली. मी शांत आवाजात सांगितलं, की पाणी उचला, उंचावरून ओता, थांबू नका. पंप चालू होईपर्यंत अख्खं गाव कॉफीच्या किटल्यांनी, वाफलच्या डावांनी आणि पाद्रीबाबा स्वतःच्या टोपीने पाणी ओतत होते. आजी सर्वांत पुढे होत्या. पीठ तसंच राहिलं, आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. आपल्या गावात हे प्रथमच घडलं.

तरी पाणी कोमटच होतं. त्यात बर्फ टाकायचा नव्हता. एकदम गारठा बसला तर पिल्लं त्यानेही मरतात. म्हणून मी पाण्याच्या नळीचं लांब वेटोळं बर्फात पुरलं आणि पाणी हळूहळू थंड केलं. पिल्लं नळीच्या तोंडापासून हटून टाकीभर पांगली. गोठेवाला हाल्वार रडला. (तो म्हणतो, घाम होता.) काल पाऊस आला, नदी भरली, गारवा आला आणि आम्ही पिल्लं सोडली. ती मागे वळून न बघता गेली. मला ते आवडलं.

तुमची,
तोरुन

ता. क. बर्फ तुमच्या स्की क्लबचा होता. शरदातल्या शर्यतीसाठी तुम्ही भुशाखाली राखलेला ढीग. भुसा आम्ही नीट परत पसरला आहे. खाली आता गवत आहे.

ता. क. दुसरा. क्लबच्या सभेत तुम्ही एवढंच म्हणा, "बर्फ वापरायची परवानगी मीच तोरुनला दिली होती." मी गावाला तसं सांगून बसले आहे. नदीकाठी तुमच्या नावाने टाळ्या झाल्या, आजींनी डोळे पुसले. आता नाही म्हणालात, तर त्या टाळ्या घरोघर जाऊन परत कराव्या लागतील.