आलेखातलं वळण

सर, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की मी तुमच्यापेक्षा म्हातारा झालो आहे. तेव्हा रागवायचं तर जरा बेतानं रागवा.

मी मोटारी आणि जनित्रं शिकलेला इंजिनियर. वीज कंपनीतली नोकरी जवळपास ठरलेली. अंधेरीच्या आपल्या कॉलेजात तुम्ही मला थांबवलंत, परदेशाहून आणलेला डाळीएवढा जर्मेनियमचा तुकडा कापसातून काढून माझ्या तळहातावर ठेवलात आणि म्हणालात, "उद्याचं सगळं यात आहे. मोटारी काय रे, कुणीही फिरवेल." ट्रान्झिस्टर नुकते निघाले होते; पन्नासच्या त्या दशकात रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हपलीकडे आमची नजर जात नव्हती. मी हुरळलो, वीज कंपनीला नकार कळवला आणि तुमच्या प्रयोगशाळेत राहिलो. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

प्रयोग साधा होता. तुकडा तेलात बुडवायचा, तेल हळूहळू तापवायचं आणि त्याचा विद्युतरोध कसा कमी होतो ते टिपत जायचं. जर्मेनियमवर उजेड पडला की त्यातून वीज जास्त वाहते आणि आकडे बिघडतात, म्हणून तुमच्या घरी काकूंनी खिडक्यांना काळे पडदे शिवून दिले होते. एकदा दार उघडं राहिलं तर तुम्ही मला सगळ्यांदेखत झापलं होतंत. पण मे महिन्यात त्या कोंदट खोलीत शेगडीपाशी बसायचं म्हणजे जीव नकोसा व्हायचा. तेल साठ अंशांपर्यंत आलं की मी उठायचो, पश्चिमेच्या पडद्याचं टोक खिळ्याला अडकवायचो आणि पुढचे आकडे वाऱ्यावर बसून घ्यायचो. एवढ्याशा फटीनं काय होतंय, असं मला खरंच वाटायचं.

आलेख तुमच्यासमोर ठेवला तेव्हा साठापाशी रेघ एकदम खाली वळली होती. तुम्ही चष्मा काढून पुसलात. "अरे, हे बघितलंस का? हे अजून कुणाला दिसलेलं नाही!" त्याच पावली तुम्ही मला घरी नेलंत. काकूंनी शिरा केला आणि मला हळूच म्हणाल्या, "यांना एवढं हसताना मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नाही रे."

पुढच्या आठवड्यात तुम्ही स्वतः शेजारी येऊन बसलात. पडदा उचलायची सोय राहिली नाही, आणि वळण आलंच नाही. ते कुठून येत होतं, हे मला तिथंच कळलं. तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, "तेलानं तुकडा खराब झाला बहुतेक." टेबलावर त्या वळणाबद्दलचा आपला शोधनिबंध टाइप होऊन तयार होता.

"सर, जरा सांगायचं होतं."

"कळलं मला. नाव तुझंच आधी घातलंय. मला आता काय करायचंय नाव घेऊन?"

मी आभार मानले.

त्या निबंधावर मला लेक्चररची जागा मिळाली, मग डॉक्टरेट, मग विभागाची खुर्ची. बाहेर कुणालाच ते वळण सापडलं नाही, पण कुणी बोभाटाही केला नाही; लोक आपापल्या कामाला लागले. तुम्ही नाही लागलात. निवृत्तीपर्यंत तुम्ही नवनवे तुकडे मागवत राहिलात आणि मी तुमच्या शेजारी बसून पडदे नीट बंद करत राहिलो. रेघ दर वेळी सरळ यायची. "आपलंच काहीतरी चुकतंय रे," तुम्ही म्हणायचात, आणि मी म्हणायचो, "हो सर." नोकरी सोडावी तर राजीनाम्यात कारण काय लिहायचं? सांगावं तर तुमची सगळी वर्षं पाण्यात. दर वर्षी ते जास्तच अवघड होत गेलं.

तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वर्गात शिकवत होतो. तास तिथेच संपवून मी तुमच्या घरी आलो, काकूंच्या पायाशी बसून ढसाढसा रडलो, आणि सगळे म्हणाले, शिष्य असावा तर असा. ते रडणं खरं होतं, सर. पण निरोप ऐकल्या ऐकल्या, सगळ्यात आधी, मला हायसं वाटलं होतं.