सभागृहातलं उत्तर

शनिवार, डिसेंबर १९९९

सकाळी नागपूरच्या अधिवेशनातून परतले आणि दुपारी आहुप्याकडच्या एका वाडीत गेले. तिथल्या दवाखान्यात नर्स आहे, असं उत्तर परवा मंत्र्यांनी सभागृहात दिलं. प्रश्न माझाच होता. मी आभार मानून खाली बसले.

वाडीतल्या हिराबाईंनी हाताला धरून दवाखाना दाखवला. दाराला कुलूप होतं. "नर्स कधीच न्हाई आली, ताई. पावसाळ्यात सुनेला झोळीतून खाली नेली. बाळ वाटंतच गेलं."

आभार कशाचे मानले मी? आधी खात्री करायला इथे माणूस का नाही पाठवला? उत्तर खोटं होतं आणि मी ते पडताळलं नाही, हे त्यांना सांगितलं.

"मंग तिथं बी आसंच सांगा," हिराबाई म्हणाल्या.

सोमवारी सभागृहात बोलायचंय. आधी माझी चूक सांगेन, मग खात्याची.