हेंडग्याचा धूर

अहमदपूर,
३ जानेवारी २०२५

चि. साक्षी हिस,
सिंधुआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि. डॉक्टरणीनं तुझा मोबाईल बंद केला, म्हणून हे पत्र टाकून राहिले. वहिनी वाचून दाखवतील. तू डोळे मिटून ऐक.

येळवशीच्या अवसेला काळ्या आईला पुजून रानात जेवलो, सांजेला कडब्याचा पेटता हेंडगा घेऊन तू शेतभर पळालीस, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर न्हाई. तो मान दरवर्षी पोरांचा. पण अग्निशमन दलात निवड झालेली भाची घरात असताना पोरांना कामून द्यायचा, म्हणून मीच हट्ट धरला. चष्मा जावा म्हणून तू नुकतंच लेझर केलेलं, धुरापासून जप म्हणून बजावलेलं, आणि तू गॉगल काढून धुरात! सकाळी डोळे लालभडक. आता वहिनी म्हणतात, उजव्यानं धुरकट दिसतंय. लेकरा, फेब्रुवारीत मेडिकल हाय. बिनचष्म्याचं नीट दिसलं न्हाई तर हातातली नोकरी गेली!

एसटीनं गाईचं तूप पाठवलंय. रोज दोन थेंब डोळ्यात घाल. सासूबाई ह्याच तुपावर म्हातारपणीसुद्धा सुई ओवायच्या. तुझे मामा मजेत. हरभरा लई जोरात हाय.

जीव लावणारी,
सिंधुआत्या

नांदेड,
८ जानेवारी

ती. सिंधुआत्यास,
साक्षीचा शि. सा. न. वि. वि. अक्षर आईचं, तोंड माझं. तुझं पत्र वाचताना आई रडली आणि मला हसू आलं.

डॉक्टर मॅडमनी हनुवटी मशीनवर टेकवून डोळा तपासला. जंतू नाहीत. लेझरनंतर बुबुळावरचा पडदा कधीकधी चिडतो, सुजतो. त्यात माझा धूर. वेळेत आलीस, थेंबांनी उतरेल, असं त्या ठामपणे म्हणाल्या. औषध दुधासारखं पांढरं आहे, बाटली हलवूनच घालायचं. आई गजर लावून फौजदारासारखी उभी असते. उजेड खुपतो म्हणून खिडकीला तुझी जुनी इरकल लावलीय.

तूप पोचलं. डोळ्यात थेंबभरही जाणार नाही, खुशाल रागव! मॅडमना विचारलं, तर डोळ्यात घरचं काहीच नको, तळपायाला काय हवं ते लावा म्हणाल्या. मग आईनं काशाची वाटी काढली. तळपाय काळे होईस्तोवर चोळते. झोप काय मस्त लागते गं! डोळ्याचं काम औषध करतंय, तूप आपलं लाडाचं.

आणि उगं स्वतःला बोल लावू नकोस. गॉगल मी काढला. नोकरीत तोंडावर मास्क असेल, येळवशीला नुसती हौस होती. मेडिकल मी काढणारच.

मामांना नमस्कार. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी साक्षी

अहमदपूर,
१६ जानेवारी

चि. साक्षी हिस,
अनेक आशीर्वाद. गाईचं तूप तळपायाला! दोन दिवस मी धुसफुसत होते. मग मामा म्हणाले, भाचीच्या डोळ्याचं तुला जास्त कळतंय का डॉक्टरणीला? डॉक्टरणीचंच ऐक. मीच ऐकायला सांगून राहिले, म्हणजे बघ.

शेजारची नीलाबाई विचारून गेली, नोकरी गेली का म्हणून. तिला चहासुद्धा पाजला न्हाई. पण खरं सांगू, पोरी? रात्री मलाच भ्या वाटतं.

तब्येत सांभाळ, आत्याला विसरू नको.
सिंधुआत्या

ता. क. वहिनी, हे वाचून दाखवू नका. बारीक लिहिलंय, तिचं तिनं वाचावं. साक्षे, नोकरी लागो न लागो, पुढल्या येळवशीला हेंडगा तुझाच.

नांदेड,
२४ फेब्रुवारी

ती. सिंधुआत्यास,
शि. सा. न. वि. वि. आज अक्षर माझं आहे. ओळखलंस ना?

तुझं दुसरं पत्र आईनं कपाटाला चिकटवून ठेवलं होतं. मी रोज पलंगावरून उजव्या डोळ्यानं वाचायची. आधी नुसतं ‘चि.’ दिसायचं. मग तूप दिसलं, नीलाबाई दिसली. खाली काहीतरी बारीक आहे एवढंच कळायचं. आईला कितीदा विचारलं, पण ती ‘तुझं तू वाच’ म्हणायची. सूज हळूहळू उतरली, औषध मॅडमनी सांगितलं तसंच कमी करत आणलं.

परवा मेडिकल झाली. उजवा डोळा तपासताना घाबरले होते, खोटं कशाला बोलू! पण तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली, घडाघडा. पास झाले, आत्या! एक तारखेला रुजू व्हायचंय. नीलाबाईला आता चहा पाज.

तुझी बारीक ओळ मेडिकलच्या आदल्या सकाळी वाचता आली. उशीत तोंड खुपसून रडले. आई ओरडली, औषध वाहून जाईल म्हणून. दुसऱ्या दिवशी त्या तक्त्यासमोर उभी राहिले ती तुझ्या ओळीच्या जोरावर.

हेंडगा माझाच. गॉगल घालून.

तुझीच,
साक्षी