चष्म्यातली पाच घरं

छोटीच्या आईस,

मी खुशाल आहे. तुरुंगातलं जेवण बेचव असलं तरी वेळेवर मिळतं. खोकलाही गेला.

हल्ली इथे विद्यापीठातले एक साहेब येतात. चोराचं डोकं कसं चालतं, यावर त्यांचा अभ्यास आहे. ते माझ्या डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवतात आणि समोर खोटी गल्ली उभी राहते. पाच घरं, त्यांतलं एक फोडायचं. कुत्रा आहे, तो भुंकतो पण जागचा हलत नाही. काल मी खोट्या भिंतीला टेकायला गेलो आणि आपटलो. साहेबांनी तेही लिहून घेतलं. इतकं शिकून माणूस इतका बावळट कसा राहतो?

"तिसरंच घर का निवडलंस?" त्यांनी विचारलं.

"आंधळ्यालाही कळेल, साहेब. दोरीवर बाईचे आणि लहान पोरीचे कपडे आहेत. पुरुषाचा एक सदरा नाही."

"वा! हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं!" गल्ली यांनीच बनवलेली.

मी हसत बराकीत आलो. मग हसू गेलं. आपली दोरी तीन वर्षं तशीच असेल.

मागच्या दाराला कडी बसवलीस का? छोटी शाळेतून एकटी येते का?

माझे दोन सदरे ट्रंकेत आहेत. रोज एक भिजवून रस्त्यावरून दिसेल असा वाळत घाल. आलटून पालटून घाल, रोज तोच दिसला तर आमच्यासारख्यांना कळतं. शेजारणी हसल्या तर हसू देत.

असली घरं निवडणारा माणूस किती नीच असतो, ते साहेबांना अजून कळायचंय. मला ठाऊक आहे.

छोटीचा बाप